मागं कोण राहिलंय?

यांच्या दहाव्याला दौंडच्या नदीकाठी मंडप होता, माइकही होता. आमच्याकडे पिंडाला कावळा शिवेपर्यंत भाषणं होतात. सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात, एखादा जुना विद्यार्थी उठून दोन शब्द सांगतो. त्या दिवशी शिरूरकडून आलेले एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजी आयुष्यात कशालाही भ्याले नाहीत." मी बायकांत बसले होते. पदर तोंडाशी होता, म्हणून माझा चेहरा कुणाला दिसला नाही.

इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. साहेबांना ते भीत नसत, हे खरं. तपासणीला जीप आली की मी फळा पुसायला धावायची. हे शांतपणे मुलांशी बोलत राहायचे. बदलीचीही भीती नव्हती. ते शिकवायलाच भ्यायचे. वीस वर्षं झाली तरी वर्गात जाण्याआधी त्यांचे तळहात गार पडत. लग्नानंतर पहिल्यांदा ते हात हातात आले तेव्हा मला वाटलं, ताप येतोय.

हे मी हळूहळू लिहिते आहे. दिवसाला चार-पाच ओळी होतात, मग उठते. पण मंडपात ऐकलेलं ते वाक्य तसंच राहू द्यावं असं वाटत नाही.

आम्ही दोघं प्राथमिक शिक्षक. न्हावऱ्याच्या पुढं, डांबरी रस्त्यापासून बरीच आत, दोन खोल्यांची आणि चौथीपर्यंतची आमची शाळा होती. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी यांच्याकडे. शाळेत ते मला "बाई, तुम्ही" म्हणत आणि मी त्यांना सगळ्या गावासारखी "गुरुजी" म्हणायची. घरी न्हावऱ्याच्या भाड्याच्या खोलीत आलो की "अगं" आणि "अहो" सुरू व्हायचं.

त्यांची भीती मला आधी समजत नसे. नोकरीच्या सुरुवातीला, नव्वदच्या दशकात, त्यांनी चौथीला सापांचा धडा शिकवला होता. धामण विषारी नसते, उंदीर खाते, शेतकऱ्याची मित्र असते, तिला मारू नये. पुस्तकात होतं तेच सांगितलं. चार दिवसांनी वर्गातली एक मुलगी शाळेत आली ती हातात हातभर लांब साप धरून. पोरं ओरडत मागं सरली. ती यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "गुरुजी, आज्जी मारत हुती, मी मारू न्हाई दिली. मैत्रीन हाय ना ही आपली?"

ती धामणच निघाली. हे घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, "अगं, ती दुसरी कुठली असती तर? मी फक्त 'मित्र' म्हणालो. ओळखायची कशी ते सांगितलंच नाही."

मी म्हणाले, "पुस्तकात जेवढं आहे तेवढंच आपण सांगणार ना?"

"पुस्तक कुठं हातात धरणार आहे साप? तिनं धरला."

तेव्हापासून त्यांचं मत पक्कं झालं. आपण समजतो त्यापेक्षा मूल आपलं फार ऐकतं. मुलं लक्ष देत नाहीत म्हणून बाकीचे शिक्षक रडत. यांना धास्ती होती ती मुलं लक्ष देतात याची. शिक्षक तोंडातून एक वाक्य सोडतो, ते मूल घरी नेतं, रानात नेतं, आणि तिथं शिक्षक नसतो. म्हणून वर्गात एकानं घाबरलेलं असावं आणि ते शिक्षकानं असावं, असं ते म्हणायचे. छडी त्यांनी कधी घेतली नाही, त्याचं कारणही हेच होतं. घाबरलेलं मूल सांगितलेलं तपासून बघत नाही, जसंच्या तसं गिळतं.

त्यांची आणखी एक रीत होती, आणि मला जे सांगायचं आहे ते तिथूनच सुरू होतं. सकाळी मुलं व्हरांड्यात जमली की हे हजेरीचं पुस्तक उघडत नसत. आधी विचारत, "मागं कोण राहिलंय?" मग मुलं एकमेकांकडे बघत आणि नसलेल्यांची नावं सांगत. कोण आजारी, कोण मामाच्या गावाला, कोणाला आईनं खुरपायला नेलं. नाव पुस्तकात नंतर चढायचं.

वर्गातही तेच. गणित ज्याचं झालं त्यानं न झालेल्याजवळ जाऊन बसायचं. शेवटच्याचं झाल्याशिवाय पुढचं उदाहरण नाही. अभ्यासक्रम मागं पडायचा. साहेब म्हणायचे, "गुरुजी, तुमची गाडी पॅसेंजर आहे. प्रत्येक ठेसनात थांबती." हे म्हणायचे, "सायेब, दौंडचा जावई आहे मी, मला तीच गाडी माहितीये." माझं माहेर दौंडचं, रेल्वे कॉलनीशेजारी. साहेब हसायचे. शेऱ्यात मात्र 'प्रगती मंद' लिहून जायचे.

मलाही ते पटत नव्हतं. हुशार मुलाचा वेळ जातो, असं माझं म्हणणं होतं. पण रस्त्यावरून येता-जाता थांबायचा नियम त्यांनी घातला तेव्हा मी काही बोलले नाही. मोठी पोरं पुढं पळायची, पहिलीतली बारकी रडत मागून यायची. म्हणून हे म्हणाले, "कुणी मागं राहिलं तर थांबायचं. त्याला घेऊन यायचं." साधी गोष्ट होती. कुठल्याही गुरुजींनी सांगितली असती.

दोन हजार सालानंतर आमच्या भागात ऊस खूप वाढला. शाळेच्या दोन्ही अंगाला, वाटेला लागून, डोक्याच्या वर ऊस. मग एका हिवाळ्यात बिबट्या आला. आधी कुत्री नाहीशी झाली. मग मेंढरं राखणाऱ्यांच्या वाघरीतून, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यातून, एक कोकरू गेलं. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली: एकट्यानं फिरू नका, लहान मुलं मधे घ्या, आवाज करा. मुलांकडे खिचडीच्या ताटल्या होत्याच. तेव्हापासून वरच्या वस्तीची मुलं ताटल्या बडवत शाळेत यायची. घरोघरची पाळी लावून एक मोठा माणूस काठी घेऊन त्यांच्याबरोबर चालायचा.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. उसातून येणारा, आधी बारीक, मग मोठा होत जाणारा पत्र्याचा खणखणाट. मुलांना त्याची मजा वाटायची. मी मात्र फाटकाशी जाऊन उभी राहायची, कारण आवाज चालू होता म्हणजे अजून ती उसातच होती.

तो शनिवार होता. शनिवारी सकाळची शाळा. धुकं एवढं की झेंड्याच्या खांबाचा वरचा भाग दिसत नव्हता. आम्ही स्कूटरवरून पोचलो तेव्हा वस्तीवरची मुलं येतच होती. पाळीचा माणूस सायकलला दळणाचं पोतं लावून सगळ्यांच्या पुढं होता. त्यानं मुलं फाटकात सोडली आणि तो तसाच गावाकडे गिरणीवर गेला.

मुलं व्हरांड्यात आली. यांनी नेहमीसारखं विचारलं, "मागं कोण राहिलंय?"

"थोरली," चार-पाच जणं एकदम म्हणाली.

थोरली म्हणजे मेंढरं असलेल्या घरातली तिसरीतली मुलगी. तिचा भाऊ पहिलीत, माझ्या वर्गात. त्याला सगळे बारक्या म्हणायचे.

"बरं नाही का तिला?"

"न्हाई गुरुजी, आमच्यासंगं निघाली हुती. मोरीवर थांबलीय."

मोरी म्हणजे कालव्याच्या चारीवरचा लहानसा पूल. तिथं वाट वळते आणि दोन्हीकडून ऊस वाटेवर आलेला असतो.

"थांबली? का थांबली?"

"बारक्या मागं ऱ्हायलाय म्हनून. आमी म्हनलं चल, यील त्यो. तर म्हनली, गुरुजींनी सांगितलंय थांबायचं."

व्हरांड्याच्या कडेला बारक्या बसला होता. तोंडात गूळ होता. तो म्हणाला, "मी तर आलोय की."

त्याचा चुलता दूध घालायला मोटरसायकलवरून डेअरीला जात होता. पोराला थंडी वाजतेय म्हणून त्यानं त्याला टाकीवर बसवून दुसऱ्या रस्त्यानं आणून सोडलं होतं. थोरली तेव्हा गोठ्यात होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या वाटेत आल्यावर तिनं मागं पाहिलं, भाऊ दिसला नाही, आणि ती थांबली.

मी यांच्याकडे पाहिलं. त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली. मला म्हणाले, "बाई, सगळी एका खोलीत घ्या. दार लावा. आणि टोल देत राहा." दोन पावलं जाऊन ते परत वळले. "थांबू नका."

ते धुक्यात गेले. फाटकापर्यंत दिसले, मग नाहीत.

आमचा टोल म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रेल्वे रुळाचा तुकडा. मुलांना खोलीत घालून मी दार ओढून घेतलं. त्या दाराची कडी गेले वर्षभर लागत नव्हती. चौथीतल्या दोन मुली आतून पाठ लावून बसल्या. मी बाहेर उभी राहून टोल देऊ लागले. प्रत्येक ठोक्यानंतर वाटायचं, याच आवाजात काहीतरी बुडालं. तिनं हाक मारली असेल. यांनी मारली असेल. मी हात थांबवला आणि ऐकलं.

ताटलीचा आवाज येत होता. एकच ताटली. लांब, उजव्या अंगाला. टण, टण, टण. मग थोडं थांबून परत टण.

वाजतेय म्हणजे आहे. मी पुन्हा टोल दिले. पुन्हा थांबले. या वेळी ताटली वाजत नव्हती.

मी वाट पाहिली. धुक्यात कुठं तरी टिटवी ओरडून गेली. उसाच्या पानांवरून पाणी गळत होतं, ते ऐकू येत होतं. ताटली नाही.

टोल द्यावेत तर ऐकू येत नाही, ऐकावं तर यांना दिलेला शब्द मोडतो. रूळ माझ्यासमोर हलत होता आणि माझा हात वर जाईना. दाराच्या फटीतून मुलांची कुजबुज येत होती.

"बिबट्या शनवारचा उपास करत आसंल का रं?"

"व्हय तर! साबुदाना खातो."

"गप की. थोरली हाय तिथं."

"म्हनून तर म्हनलं."

मग एकजण आतून म्हणाला, "बाई, आमी समद्यांनी ताटल्या वाजिवल्या तर? तिला कळंल आपन हाय म्हनून." मी हो-नाही म्हणायच्या आत सगळ्यांनी बडवायला सुरुवात केली. पत्र्याच्या छपराखाली तो कल्लोळ असा उठला की मला स्वतःचा श्वास ऐकू येईना. मी दारावर हात आपटला. "गप्प! गप्प बसा!" मी मुलांवर कधी ओरडत नसे. सगळी एकदम थांबली. त्या शांततेत बारक्या रडायला लागला. गूळ तोंडातच होता, त्यामुळं नीट रडताही येत नव्हतं. "मी आलोय म्हनून सांगा की तिला," म्हणत होता.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. घड्याळ हातात होतं, पण ते बघायचं सुचलं नाही. मी एवढाच विचार करत होते, की ही मुलगी पुस्तक न वाचणारी, घरचा अभ्यास न करणारी, उनाड असती तर आत्ता वर्गात असती. ऐकलं म्हणून ती तिथं होती. देवाजवळ मी त्या दिवशी काय मागितलं ते लिहायची लाज वाटत नाही: माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं माझं काही ऐकलेलं नसू दे.

आधी पावलं ऐकू आली. मग हे दिसले, आणि त्यांच्या पुढं थोरली. तिच्या डोक्याला मफलर बांधलेला, फ्रॉकवर भावाचा स्वेटर खांद्यावर टाकलेला. तो तिनं त्याच्यासाठी घरून आणला होता. ताटली छातीशी धरली होती. यांची काठी हातात नव्हती. ती कुठं पडली ते त्यांनाही आठवलं नाही.

मुली दारातून बाजूला झाल्या. थोरली सरळ आत गेली, बारक्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "सांगून जायाला काय झालं रं तुला? तोंड न्हाई?" मग त्याला स्वेटर घातला.

मी तिला जवळ घेतलं. हातपाय चाचपून पाहिले. "ताटली का थांबवलीस गं?"

"हात गारठला, बाई. आन् मला वाटलं, त्यो बिचकंल."

"कोण?"

"त्योच. पल्याड बसला हुता, चारीच्या. मी वाजिवली की कान हलवायचा. थांबवली की नुसता बघायचा. मग मीबी बघत ऱ्हायले." आणि मग यांच्याकडे वळून, तक्रार केल्यासारखं नाही, गणित विचारावं तसं तिनं विचारलं, "गुरुजी, थांबायचं म्हंजी किती येळ थांबायचं आसतं? त्ये तुमी सांगितलंच न्हाई."

हे खुर्चीवर बसले. बिबट्या त्यांना दिसला नव्हता. ते पोचले तेव्हा चारीपलीकडे फक्त ऊस होता आणि मुलगी एकटक तिकडे पाहत उभी होती. त्यांनी हाक मारली तेव्हा ती म्हणाली होती, "गुरुजी, बारक्या आला न्हाई अजून."

त्या दिवशी शाळा भरलीच नाही. गावातून माणसं बोलावून आम्ही मुलं घरोघर पोचवली. थोरलीच्या आबांना यांनी सगळं सांगितलं. आबांनी तंबाखू मळली. म्हणाले, "गुरुजी, पोरगी तुमचं ऐकती. आमचं कुठं ऐकती?" ते कौतुकानं म्हणाले होते. हे मान खाली घालून परत आले. रविवारभर ते अंथरुणात पडून होते. मी चहा नेला की म्हणायचे, "सोमवारी काय सांगू त्यांना?"

सोमवारी सगळी जमल्यावर ते बोलले. म्हणाले, "थांबायचं मी सांगितलं होतं. ते आता सोडा. ऊस तुटेपर्यंत कुणासाठी कुणी थांबायचं नाही. सरळ चालत यायचं."

मग मागून एक मुलगी म्हणाली, "मग बारकी मागं ऱ्हायली तर?"

"मोठं माणूस बघेल."

"मोठी मानसं कुठं बघत्यात, गुरुजी? ती पुढं चालत्यात."

एक हसला. हेही हसले असते एरवी. मग थोरली उठून उभी राहिली. "मी तर थांबनार," ती म्हणाली. उद्धटपणा नव्हता त्यात. तिला ते येत होतं, आणि येत असलेली गोष्ट परत द्यायची कशी हे तिला माहीत नव्हतं.

यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी पुढं फक्त एकदाच पाहिलं, दौंडच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. खडू पुसता येतो. पाढा चुकला तर पुन्हा म्हणून घेता येतो. हे त्यांना पुसता येईना. शिकवणं एवढं अवघड आहे असं आम्हाला डीएडला कुणी सांगितलं नव्हतं. शिकवलेलं काढून घेणं त्याहून अवघड आहे, हे तर नाहीच.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः जायला लागले. अंधारातच स्कूटर शाळेत लावायची, चालत वरच्या वस्तीवर जायचं, मुलं पुढं घालायची आणि आपण सगळ्यांच्या मागं राहायचं. म्हणजे मागं राहिलं तर आपणच, दुसरं कुणी नाही. हातात त्यांनीही एक ताटली घेतली. मी व्हरांड्यात एकटी उभी राहायची. खणखणाट जवळ यायचा. एकेक मूल धुक्यातून बाहेर पडायचं. सगळ्यांचे आवाज फाटकात आल्यावरही एक ताटली मागं वाजत असायची, आणि ती बाहेर येईपर्यंत मी खांब धरून असायची.

माघ संपता संपता ऊसतोड आली. टोळ्या उतरल्या, रान मोकळं झालं, शाळेतून थेट मोरी दिसायला लागली. वनखात्यानं बिबट्यासाठी लावलेला पिंजरा उचलून नेला. मी यांना म्हणाले, "अहो, आता पुरे. आता तुम्हाला जायची गरज नाही. गुडघा बघा तुमचा."

"गेलो नाही तर थोरली थांबेल," ते म्हणाले.

"कशासाठी थांबेल? सगळं उघडं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यातून पाहिलं तेव्हा सकाळचं ऊन पडलं होतं. मुलं पळत, ढकलत पुढं आली होती. बारक्याही त्यांच्यात होता. हे गुडघ्यामुळं बरेच मागं, मोरीजवळ होते. आणि त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर थोरली वाटेत उभी होती, तोंड त्यांच्याकडे करून. ते जवळ आले की ती चालायची, ते मागं पडले की पुन्हा थांबायची.

फाटकात आल्यावर मी तिला विचारलं, "अगं, तू पुढं का नाही आलीस सगळ्यांबरोबर?"

"गुरुजी मागं ऱ्हात्यात ना," ती म्हणाली.

हे रुमालानं तोंड पुसत होते. एवढं ऊन होतं, उसाचं एक पानही कुठं उभं नव्हतं. तरी मी त्यांचा हात हातात घेतला तेव्हा तो गार होता, आणि माझाही.